गोळी आपल्याच सरकारने झाडली तर?

हल्ली नेत्यांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत असेल, तर ती स्वतःच्याच जुन्या पोस्टची. विरोधात असताना लिहिलेलं असतं, 'गृहमंत्र्यांनी तत्काळ राजीनामा द्यावा.' चार वर्षांनी पोस्ट लिहिणाराच गृहमंत्री होतो, तसंच काहीतरी पुन्हा घडतं आणि कुणीतरी तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतं. दोन्हीकडून इमोजी पडतात, तासाभराने दुसरा विषय येतो. हे आपण इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचा रागही येत नाही. 'सगळे सारखेच' म्हणायचं आणि स्क्रोल करायचं.

मला ज्या स्क्रीनशॉटबद्दल लिहायचंय तो सत्तर वर्षांपूर्वीचा आहे. तो विरोधकांनी काढला नव्हता. पक्षाच्याच सरचिटणीसाने तुरुंगात बसून आपल्या पक्षासमोर धरला होता.

पण आधी थोडं आजचं बोलू. एखादा पुरोगामी पक्ष हरला की त्याच्या 'पुढच्या दिशेची' चर्चा सुरू होते. ब्रिटनमधला मजूर पक्ष असो, आपल्याकडचे डावे असोत, नाहीतर समाजवाद्यांचे उरलेसुरले गट असोत, चर्चेचा साचा ठरलेला आहे. एक बाजू म्हणते, आपण लोकांपासून तुटलो, जरा मध्याकडे सरकू, ज्याच्याशी जमेल त्याच्याशी जमवून घेऊ. दुसरी म्हणते, सरकलो म्हणूनच हरलो. पहिलीला दुसरी पोथीनिष्ठ वाटते, दुसरीला पहिली विकली गेलेली. या सगळ्याला 'तत्त्व की सत्ता' असं भारदस्त नाव मिळतं आणि दोन दिवसांचं शिबिर पार पडतं. मला ही मांडणीच अपुरी वाटते. का, ते १९५४ सालच्या गोष्टीवरून सांगता येईल.

समाजवादी मंडळींनी १९३४ साली काँग्रेसच्या आत एक गट म्हणून सुरुवात केली आणि १९४८ मध्ये नाशिकच्या अधिवेशनात काँग्रेस सोडली. जयप्रकाश नारायण, राममनोहर लोहिया, आचार्य नरेंद्र देव, अशोक मेहता, आपल्याकडचे एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे अशी ही माणसं. बेचाळीसच्या लढ्याचं तेज अजून अंगावर होतं. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपणच मुख्य विरोधी पक्ष होणार याबद्दल त्यांना फारशी शंका नव्हती. प्रत्यक्षात लोकसभेला मतं मिळाली साडेदहा टक्के आणि जागा १२. कम्युनिस्टांना मतं साडेतीन टक्क्यांहूनही कमी, पण जागा १६. हा हिशेब पाहिल्यावर कुणाचंही डोकं चालेनासं होईल. त्याच वर्षी आचार्य कृपलानींचा किसान मजदूर प्रजा पक्ष सोबत आला आणि 'प्रजा समाजवादी पक्ष' तयार झाला. लगेच प्रश्न उभा राहिला, आता कुठे जायचं?

जून १९५३ मध्ये बैतूलच्या अधिवेशनात अशोक मेहतांनी एक उत्तर दिलं. देश गरीब आहे, अर्थव्यवस्था मागास आहे, अशा देशात विरोधी पक्षाने नुसता विरोध करत बसणं परवडणारं नाही. काँग्रेसशी जिथे पटतं तिथे सहकार्य करावं. लोहियांना हे अजिबात मान्य नव्हतं. काँग्रेस आणि कम्युनिस्ट या दोघांपासूनही सारखंच अंतर ठेवा आणि स्वतःच्या पायावर उभे राहा, असं त्यांचं म्हणणं. वाद जुनाच, फक्त माणसं मोठी. तोपर्यंत तो कागदावरचा होता, कारण पक्षाच्या हातात कुठलंच सरकार नव्हतं.

मार्च १९५४ मध्ये ते आलं. त्रावणकोर-कोचीन हे आजच्या केरळच्या आधीचं राज्य. विधानसभेच्या ११७ जागांपैकी काँग्रेसला ४५, कम्युनिस्टांना २३ आणि प्रजा समाजवाद्यांना फक्त १९. तरी मुख्यमंत्री झाले या एकोणिसांचे नेते पट्टम थाणू पिळ्ळै, काँग्रेसने बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर.

या राज्याच्या दक्षिण टोकाला, कन्याकुमारीच्या बाजूला, तमिळ बोलणारे तालुके होते. आम्हाला मद्रास राज्यात जाऊ द्या, अशी तिथल्या लोकांची मागणी. त्यांचा त्रावणकोर तमिळनाडू काँग्रेस हा पक्ष १२ जागा जिंकून आला होता, म्हणजे ही मागणी चार टाळक्यांची नव्हती. ११ ऑगस्ट १९५४ला आंदोलन पेटलं. मार्तांडम आणि पुदुक्कडै इथे पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली. सरकार होतं समाजवाद्यांचं.

लोहिया तेव्हा पक्षाचे सरचिटणीस होते आणि उत्तर प्रदेशातल्या तुरुंगात होते. कालव्याच्या पाण्याचे वाढवलेले दर भरू नका, असं शेतकऱ्यांना सांगितल्याबद्दल त्यांना पकडलं होतं आणि तेही इंग्रजांनी १९३२ साली केलेल्या कायद्याखाली. (त्या कायद्याचं ते कलम पुढे १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच खटल्यात घटनाबाह्य ठरवलं.) तुरुंगातून त्यांनी पक्षाला कळवलं, पट्टम यांनी राजीनामा द्यावा आणि गोळीबाराची चौकशी व्हावी. नि:शस्त्र जमावावर काँग्रेस सरकारांनी गोळ्या झाडल्या तेव्हा आपण हेच मागत आलो होतो. आता सरकार आपलं आहे, एवढ्याने मागणी बदलते का?

लोहियांच्या विरोधात काय म्हणता येतं ते नीट ऐकायला हवं, कारण त्यात दम आहे. मुख्यमंत्र्याने स्वतः बंदूक चालवलेली नसते, गोळीबाराचा निर्णय जागेवरचा अधिकारी घेतो. प्रत्येक गोळीबारानंतर सरकार पडायला लागलं तर दंगा करणाऱ्याच्या हातात सरकार पाडायची किल्लीच दिल्यासारखं होईल. काँग्रेसची सरकारं राजीनामे देत नव्हती, मग आपणच एकट्याने शस्त्र खाली का ठेवायचं? शिवाय समाजवाद्यांच्या हाती आलेलं हे पहिलंच सरकार. कुळांसाठी, कामगारांसाठी काही करून दाखवायची ही संधी, ती पाच महिन्यांत फेकून द्यायची? आणि शेवटचा, मनात सगळ्यांच्या असलेला पण बाहेर हळूच बोलला जाणारा मुद्दा: तुरुंगात बसलेल्या माणसाला राजीनामा मागायला काय जातं? कोठडीत तत्त्व सांभाळणं सोपं, सचिवालयात सांभाळून दाखवा.

यातला पहिला मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, अरियलूरला रेल्वेचा भीषण अपघात झाला आणि लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं. गाडी ते चालवत नव्हते. तरी आजही शाळेच्या पुस्तकापासून राजकीय भाषणापर्यंत त्यांचं नाव आदराने घेतलं जातं आणि रेल्वेही काही बंद पडली नाही. पदावरच्या माणसाने बाजूला होणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. ज्याच्या हाताखालच्या पोलिसांची चौकशी व्हायची आहे, तोच खुर्चीत बसून चौकशी कुणी, कशी आणि कितीशी करायची हे ठरवणार, ही अडचण काढून टाकण्याचा तो एक मार्ग असतो. 'नैतिक जबाबदारी' हा शब्द आपल्या वाहिन्यांनी इतका उगाळला आहे की त्यातला हा साधा व्यावहारिक अर्थ पार पुसला गेलाय.

एकट्याने शस्त्र ठेवण्याच्या मुद्द्याचं उत्तर मात्र इतकं सोपं नाही. विरोधी पक्षाची मागणी ही नेमकी काय चीज असते? एक शक्यता अशी की ती काठी असते, समोरच्याला मारायची, आपली पाळी आली की कोपऱ्यात ठेवायची. दुसरी शक्यता, ती वचन असते: आज आम्ही तुमच्याकडून जे मागतोय, उद्या तुम्ही आमच्याकडून ते मागू शकता. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, घोषणाही तीच असते. फरक कळतो तो सत्ता आल्यावरच. काठीवाले पक्ष निवडणुका जिंकतात आणि राज्यही चालवतात. पण पुरोगामी पक्षाकडे लोकांना सांगण्यासारखं दुसरं असतं काय? कुणी धर्माच्या नावाने मतं मागतं, कुणी जातीच्या, कुणी नुसत्या कार्यक्षमतेच्या. हा पक्ष म्हणतो, आमच्या राज्यात सत्ता गरीब माणसाशी वेगळी वागेल. मग त्याच्या राज्यात गोळी लागलेल्याला 'काँग्रेसच्या राज्यातही लागतात' हे उत्तर कसं पुरेल?

मार्तांडमला मेलेल्या माणसाच्या घरच्यांना पक्षाच्या घटनेतलं काही माहीत असण्याची गरज नव्हती. त्यांनी हिशेब असा केला असेल की कालपर्यंत जे आपल्यासारख्यांसाठी राजीनामे मागत होते, त्यांच्याच पोलिसांनी आपल्याला मारलं आणि आता ते कारणं सांगतायत. हा हिशेब चुकीचा आहे हे त्यांना पटवून देईल असं एकही वाक्य मला सापडत नाही.

इथे गांधींची आठवण येणारच. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौराला जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, पोलीस मारले गेले आणि भर रंगात आलेली असहकार चळवळ गांधींनी थांबवली. तेव्हा तुरुंगात असलेले नेते चिडले, तरुण कार्यकर्ते हताश झाले. निर्णय बरोबर होता की चूक यावर अजून वाद घालता येतो. पण आपल्या बाजूने रक्त सांडलं तर त्याची किंमत आपणच मोजायची, हे त्या पिढीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. १९५४ मध्ये पक्षाला कुणी परका नियम लावत नव्हतं.

आता खरी अवघड परीक्षा. समजा ते सरकार दहा वर्षं टिकलं असतं आणि त्याने कुळांना जमिनी दिल्या असत्या, तर? हे कल्पनेवर सोडायची गरज नाही, कारण त्याच भूमीवर हा प्रसंग घडला. १९५७ मध्ये केरळात नंबुद्रीपाद यांचं कम्युनिस्ट सरकार आलं. आल्या आल्या त्याने वटहुकूम काढून कुळांना जमिनीवरून हुसकावणं थांबवलं. कामगारांच्या लढ्यात पोलीस मालकांच्या बाजूने पडणार नाहीत, असं धोरण जाहीर केलं. आणि जुलै १९५८ मध्ये चंदनत्तोप इथे काजू कामगारांवर याच सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, दोन कामगार मेले. एका पारड्यात हजारो कुळांची घरं, दुसऱ्यात दोन माणसांचे जीव. सरकारने जायला हवं होतं?

अख्ख्या सरकारने जावं, असं मी इथे म्हणणार नाही. मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला की लगेच कुळांचा वटहुकूमही धोक्यात येत असेल, तर ती किंमत पुन्हा दुसऱ्या गरिबानेच मोजायची. म्हणजे लोहियांचा नियम जरा बोथट होता, असं म्हणायला जागा आहे. गृहखातं ज्याच्याकडे आहे त्याने बाजूला व्हावं, सरकारच्या हाताबाहेरच्या न्यायाधीशाने ठरावीक मुदतीत चौकशी करावी, अहवाल जसाच्या तसा लोकांसमोर यावा, असा काहीतरी जास्त धारदार नियम करता आला असता. पक्षाने तो जरूर करायला हवा होता. पण कधी? नियम बदलायचा हक्क पक्षाला होता, प्रेतं पडल्यानंतर नव्हता. खेळ सुरू होण्याआधी, आपण टेबलाच्या कोणत्या बाजूला बसणार हे माहीत नसताना केलेला नियम वेगळा आणि आपल्या माणसाची खुर्ची हलायला लागल्यावर सुचलेली सूक्ष्मता वेगळी. दुसरीला वकिली म्हणतात.

नोव्हेंबर १९५४ मध्ये नागपूरला पक्षाचं खास अधिवेशन भरलं आणि तिथे मतदानात लोहियांची बाजू हरली. पट्टम यांचं सरकार राहिलं आणि लोहियांनी सरचिटणीसपद सोडलं. पुढे तीनेक महिन्यांत, फेब्रुवारी १९५५ मध्ये, काँग्रेसने हात काढून घेतला आणि ते सरकार पडलंच. म्हणजे तत्त्वही गेलं आणि सत्ताही. पण यावरून 'बघा, लोहिया बरोबर होते' म्हणणं मला पटत नाही. सरकार टिकलं असतं तरी प्रश्न तोच राहिला असता.

आणि लोहियांच्या बाजूबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. मुद्दा बरोबर असला की तो मांडणारा प्रत्येक पावलावर बरोबर ठरतो, असा समज समाजवाद्यांमध्ये तेव्हापासून रुजला तो रुजलाच. जानेवारी १९५५ मध्ये काँग्रेसने आवडीच्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. त्याच्या स्वागतावरून अशोक मेहतांवर जाहीर टीका केली म्हणून मुंबईच्या शाखेने मधू लिमयांवर कारवाई केली. उत्तर प्रदेशच्या शाखेने मुद्दाम लिमयांनाच आपल्या अधिवेशनाला बोलावलं. मग त्या शाखेवर कारवाई, मग लोहियांवर आणि वर्षअखेरीस हैदराबादला वेगळा समाजवादी पक्ष. मार्तांडमचा गोळीबार तोपर्यंत बाजूला पडला होता, भांडण आता शिस्तीचं झालं होतं. त्याच काळात ना. ग. गोरे आणि मधू लिमये गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात शिरून पोर्तुगीजांच्या तुरुंगात पडले होते. गोरे प्रजा समाजवादीत राहिले, लिमये लोहियांबरोबर गेले. बाहेर पक्ष दुभंगत होता आणि दोन्ही तुकड्यांची माणसं एकाच परक्या सरकारची कैद भोगत होती. हरलेल्या बाजूने आत राहून दर अधिवेशनाला तोच ठराव पुन्हा मांडायचा, हा कंटाळवाणा मार्ग कुणालाच नको होता. तत्त्वनिष्ठ माणसांना कंटाळ्याचं फार वावडं असतं.

या माणसांना 'तत्त्ववाले' आणि 'तडजोडवाले' अशा दोन रांगांत उभं करायचा मोह होतो, पण पुढचं वाचलं की रांगा मोडतात. तडजोडीचे पुरस्कर्ते अशोक मेहता १९६४ मध्ये काँग्रेसमध्ये गेले, केंद्रात मंत्री झाले आणि १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या तेव्हा भारताने स्पष्ट निषेध केला नाही म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडलं. हजारो मैलांवरच्या देशासाठी! समान अंतराचे पुरस्कर्ते लोहिया पुढे बिगर-काँग्रेसवादाकडे वळले आणि १९६७ मध्ये समाजवादी आणि जनसंघ काही राज्यांत एकाच सरकारात बसले. आणि पट्टम? १९५९ मध्ये नंबुद्रीपाद सरकार घालवण्यासाठी जे 'विमोचन समर' झालं, त्यात ते आघाडीवर होते. त्या सरकारविरुद्धच्या आरोपपत्रात गोळीबार हा मोठा मुद्दा होता.

आपल्याकडे हा विषय लगेच दाराशी आला. २१ नोव्हेंबर १९५५ला मुंबईत फ्लोरा फाउंटनवर आणि जानेवारी १९५६ मध्ये शहरभर गोळ्या चालल्या. मागणी भाषेच्या राज्याचीच, मार्तांडमसारखी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्रजा समाजवादी पुढे होते, एस. एम. जोशी तर समितीचे आधारस्तंभच. मोरारजींच्या सरकारकडे त्यांनी जाब मागितला तो योग्यच होता. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हा मुंबईच्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेल्याचा सल त्यांनी बोलून दाखवला. आपण हे सगळं अभिमानाने सांगतो. पण फ्लोरा फाउंटनचे हुतात्मे आपले आणि मार्तांडमचे 'सीमेवरचे दंगेखोर', अशी वाटणी मराठी माणसालाही करता येणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते तमिळ तालुके मद्रास राज्यात गेले. ज्या मागणीसाठी गोळ्या खाल्ल्या ती सव्वादोन वर्षांत सरकारी राजपत्रात छापून आली.

मग १४ मार्च २००७, नंदीग्राम. डाव्या आघाडीचं सरकार, जमीन द्यायला नकार देणारे शेतकरी, पोलिसांचा गोळीबार, १४ मृत्यू. २०११ मध्ये चौतीस वर्षांची सत्ता गेल्यावर डाव्यांनीही पुढच्या दिशेची चर्चा केली: उद्योग हवेत की नकोत, काँग्रेसशी समझोता करायचा की नाही.

म्हणून, यंदा कुठल्या पुरोगामी पक्षाच्या चिंतन शिबिराचं निमंत्रण फोनवर आलं, तर जरूर जा. आघाडी कुणाशी, चेहरा कोण, घोषणा कोणती, यावर तिथे दोन दिवस बोलणं होईलच. चहाच्या वेळी एखाद्या जाणत्या माणसाला गाठून एवढंच विचारा: तुमचं सरकार आलं आणि तुमच्या पोलिसांनी गोळी झाडली, तर किती दिवसांत चौकशी होईल? कोण करेल? तोपर्यंत गृहखातं कुणाकडे असेल? आणि हे कुठे लिहून ठेवलंय?